एकोणीस निरोप

व्होरूत जानेवारीत साडेतीनलाच दिवा लागतो.
तळं गोठलंय, त्यावरून कुणीतरी सायकल ढकलत नेतंय.
मी बिल लिहितेय हेल्दुर सार्वला,
गावाची धुराडी साफ करणाऱ्या माणसाला,
ज्याची वेबसाइट मी बांधली आणि मीच सांभाळते.

सर्व्हरचं भाडं : मला पडतं तेवढंच, वर काही नाही.
दोन फोटो बदलले : पंचवीस मिनिटं.
त्यातली दहा मी पासवर्ड शोधत होते,
म्हणून पंधरा.
डोमेन तुमच्याच नावावर आहे,
सगळ्या किल्ल्या सोबतच्या कागदावर,
उद्या मी नकोशी झाले
तर तुमच्यावर कुलूप तोडायची वेळ येऊ नये.

इथवर हात सरळ चालला.

मग सहज लॉग उघडला.
सव्वीस नोव्हेंबरपासून ते बटण
‘धन्यवाद, निरोप पोचला’ म्हणत होतं
आणि निरोप कुठेच पोचत नव्हता.
अपडेट करताना एक ओळ खोडली गेली होती.
खोडली गेली नव्हती. मी खोडली होती.

एकोणीस निरोप.
‘भट्टी धुमसतेय, जमेल तितक्या लवकर या.’
‘कुठलाही मंगळवार चालेल.’
‘मागच्या आठवड्यात लिहिलं होतं, मिळालं का?’

ती ओळ परत लिहायला चार मिनिटं लागली.
त्यानंतरचा तास मी नुसती बसून होते.
कुणालाच कळलं नसतं.
झाकली मूठ म्हणतात ना,
तिच्यात सव्वा लाख आहेत की काजळी
हे मुठीच्या मालकाला बरोबर माहीत असतं.

बिल अर्धवट टाकून गाडी काढली.
हेल्दुर शेडमध्ये दोर गुंडाळत होता.
मी एका दमात सांगून टाकलं, पाठ केल्यासारखं.
त्याने दोर पूर्ण गुंडाळला. मग म्हणाला,
“मला वाटलं, यंदा लोक विसरले मला.
नाताळात शिडी विकायला काढली होती.”
माझ्या पाठांतरात यावर उत्तर नव्हतं.

“यादी दे.”

एकेकाला फोन लावत गेला, स्पीकरवर,
मला ऐकू यावं म्हणूनच बहुतेक.
“चूक आमच्याकडून झाली,” म्हणत राहिला.
सातव्या फोननंतर मी म्हटलं, “माझ्याकडून म्हणा.”
तेवढं मात्र त्याने लगेच ऐकलं.
चौदाव्या फोनवर लायने नावाची बाई म्हणाली,
“किती वाट पाहायची? पेटवली शेवटी.
रात्री खिडकी उघडी ठेवून झोपते, दोन गोधड्या घेऊन.”
हेल्दुरने फोन ठेवला, बूट चढवले, शिडी उचलली.
मला ये म्हणाला नाही, जा म्हणाला नाही.
उरलेले पाच फोन मी लावले.

बिलाच्या शेवटी लिहिलं :
नोव्हेंबर ते जानेवारी देखभाल : शून्य.
कारण : फॉर्म बंद होता.
कारणाचं कारण : मी.
रोज सकाळी सहाला स्वतःलाच निरोप धाडून
तो पोचला का हे बघणारा एक छोटा प्रोग्रॅम जोडला आहे.
त्याचे पैसे नाहीत,
तो आधीच असायला हवा होता.

उरलेले पैसे आले, मोजून. सोबत एक शब्द नाही.

मार्चमध्ये माझ्या घरचं धुराडं साफ करायला तो आला.
चहा घेतला. हवेबद्दल बोलला. लायनेबद्दल नाही.
पूर्ण दर लावला, एका सेंटची सूट नाही,
आणि प्रमाणपत्रावर,
काळ्या अंगठ्याच्या ठशाशेजारी,
लिहून गेला :

‘वरून चौथ्या विटेत तडा.
मी पाडलेला नाही.
पण पाहिला आहे.’